फळ्यावरच्या पाच अपेक्षा आणि मायकेल फॅरेडे

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तोपर्यंत सहली, स्नेहसंमेलन, शाळेबाहेरची चिंचा-बोरांची गाडी आणि पी.टी.चा तास हे विषय आपल्यातल्या चपळ मंडळींनी वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला जिन्याखालची विज्ञानाची प्रयोगशाळा आली. मला ती हवीच होती. एक जुना हिशेब तिथे राहून गेला आहे, आणि तो चुकता करण्याची ही बरी संधी आहे.

नववीचा पहिला तास आठवून पाहा. बाई आल्या, खडू घेतला आणि फळ्याच्या डाव्या बाजूला पाच ओळी लिहिल्या. वर शीर्षक दिले, माझ्या अपेक्षा. आपल्याला तोवर नियम माहीत होते, सूचना माहीत होत्या आणि छडीही माहीत होती. अपेक्षा हा शब्द फळ्यावर पहिल्यांदाच आला होता. पहिली अपेक्षा अशी की प्रत्येकाची स्वतंत्र वही असावी, रोज तारीख घालावी आणि मजकूर स्वतःच्या शब्दांत असावा. दुसरी, प्रयोग स्वतःच्या हाताने करावा. पुस्तकात छापले आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तिसरी, हात लावण्याआधी आपण नेमके काय पाहणार आहोत ते ठरवावे. चौथी, जे दिसले तेच लिहावे. चुकले तर खोडरबर वापरू नये, त्यावर एक आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचे वाचता येईल. पाचवी, जे समजले ते घरी कुणाला तरी सांगता यावे.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर मधोमध भांग पाडलेल्या एका गृहस्थाचे चित्र होते. बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले की या पाचही अपेक्षा पुऱ्या करणारा एक मुलगा होऊन गेला, त्याची शाळा धड झाली नव्हती आणि गणित तर जवळजवळ नव्हतेच, तेव्हा आपल्याला कुठलीही सबब चालणार नाही. पुढची दोन वर्षे त्या मुलाची गोष्ट त्या तुकड्या-तुकड्याने सांगत राहिल्या. काही भाग त्यांचा, बराचसा मी पुढे वाचून जुळवलेला. बाई त्याला मागच्या बाकावरच्या मुलासारखे एकेरीच म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो.

मायकेल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, थेम्स नदीच्या दक्षिणेला, लंडनला लागून असलेल्या न्यूइंग्टन भागातला. वडील लोहार. कामाच्या शोधात ते उत्तर इंग्लंडमधून आले होते, पण प्रकृती साथ देत नसे आणि जितके दिवस काम तितकीच कमाई. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ च्या महागाईत या मुलाच्या वाट्याला एक पाव येई आणि तो आठवडाभर पुरवावा लागे. शिक्षण म्हणजे लिहिणे, वाचणे आणि जुजबी आकडेमोड. शाळेचीही एक हकिकत सांगतात. मायकेलला र हे अक्षर उच्चारता येत नसे, आणि थोरल्या भावाचे नाव नेमके रॉबर्ट. शिक्षिकाबाईंनी एक दिवस त्याच रॉबर्टच्या हातात नाणे ठेवले आणि धाकट्याला झोडपण्यासाठी छडी विकत आणायला पाठवले. रॉबर्टने नाणे भिंतीपलीकडे भिरकावले आणि सरळ घरी जाऊन आईला सांगितले. आईने दोघांनाही त्या शाळेतून काढले. हा प्रसंग सांगून झाल्यावर आपल्या बाई थोडा वेळ गप्प बसल्याचे मला आठवते. वर्गात तोतरे बोलणारे कोण होते ते आपल्याला माहीत आहे. त्या दिवसानंतर त्याची नक्कल कुणी केली नाही.

१८०४ साली तेराव्या वर्षी मायकेल जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. दुकान ब्लँडफर्ड स्ट्रीटवर होते. वर्तमानपत्रे गिऱ्हाइकांकडे वाचायला पोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. वर्षभराने मालकाने त्याला पुस्तकबांधणीचा शिकाऊ उमेदवार म्हणून ७ वर्षांसाठी ठेवले. अशा उमेदवारीसाठी मुलाच्या घरच्यांनी पैसे भरण्याची रीत होती. पोऱ्याचे काम इमानाने केले म्हणून रिबोंनी ते घेतले नाहीत.

बांधायला आलेली पुस्तके तो वाचू लागला. ब्रिटानिका ज्ञानकोशातली विजेवरची नोंद त्याच्या हाताखालून गेली. जेन मार्सेट या बाईंनी रसायनशास्त्रावर संवादाच्या रूपाने लिहिलेले पुस्तक त्याला सापडले, आणि त्याने ते नुसते वाचले नाही. खाऊच्या पैशांत बसतील तेवढे प्रयोग करून पुस्तकातली विधाने तपासून पाहिली आणि ती खरी निघाल्यावर त्याचा पुस्तकावर विश्वास बसला. विद्युतभार निर्माण करणारे एक छोटे यंत्रही त्याने स्वतः जुळवले. दुसरी अपेक्षा त्याने अशी कुणी न सांगताच पाळली होती. पुढे नाव झाल्यावरही त्याने मार्सेटबाईंचे ऋण मानले आणि आपले लेख त्यांना पाठवले.

१८१० पासून तो जॉन टाटम यांच्या घरी संध्याकाळी होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे. तो शिलिंग कोण देई? रॉबर्ट. ज्याने छडीचे नाणे भिरकावले होते तोच, आता वडिलांसारखाच लोहारकाम करणारा थोरला भाऊ.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. वक्ते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळचे इंग्लंडमधले सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. वीस वर्षांचा हा बाइंडर वरच्या सज्जात, घड्याळाच्या वरच्या जागेवर बसे आणि टिपणे घेई. घरी येऊन ती सविस्तर लिहून काढी, उपकरणांच्या आकृत्या काढी. मग आपल्याच हातांनी त्याने त्यांचे पुस्तक बांधले आणि वर्षअखेरीस ते डेव्हींना पाठवून दिले, सोबत विज्ञानाच्या कामात कुठलीही जागा मिळावी अशी विनंती. त्याआधी त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनाही लिहिले होते, पण उत्तर आले नव्हते. डेव्हींनी भेटीला बोलावले आणि सल्ला दिला की हातात धंदा आहे तो सोडू नकोस. पण थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाला मारामारी केल्याबद्दल काढून टाकावे लागले, आणि डेव्हींना त्या वहीची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग, राहायला वर माडीवर दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या.

बाई इथे थांबून आपल्या वह्यांकडे बघत. आपल्यापैकी किती जणांच्या वहीकडे बघून कुणी नोकरी दिली असती? माझी वही तर गाइडवरून उतरवलेली असे.

त्याच वर्षी डेव्ही त्याला युरोपच्या प्रवासाला घेऊन गेले. दीड वर्ष तो त्यांच्याबरोबर हिंडला. पॅरिसमध्ये नव्याने सापडलेल्या आयोडिनावर काम पाहिले, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळताना पाहिला, वृद्ध व्होल्टांना भेटला. पण डेव्हींचा खासगी नोकर ऐनवेळी आला नव्हता, त्यामुळे ते कामही फॅरेडेकडे आले आणि लेडी डेव्ही त्याला नोकरासारखेच वागवीत. परत फिरावे असे त्याच्या मनात अनेकदा आले. शिकायला मिळते आहे म्हणून तो टिकला.

१८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवले होते की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची वळते. पुढच्याच वर्षी फॅरेडेने पाऱ्याने भरलेल्या भांड्यात चुंबक उभा केला आणि वीज वाहणारी तार त्याच्याभोवती सतत फिरत ठेवून दाखवली. आज आपल्या घरातला पंखा ज्या तत्त्वावर फिरतो त्याची ही पहिली झलक. मात्र हा शोध घाईने प्रसिद्ध केला आणि त्याच दिशेने विचार करणाऱ्या वॉलस्टन यांचा उल्लेख राहिला, यावरून त्याच्यावर कल्पना उचलल्याचा ठपका आला. १८२४ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद निवडून आला तेव्हा ज्यांनी त्याला उचलून आणले त्या डेव्हींचाच त्याला विरोध होता. इतके होऊनही डेव्हींबद्दल तो शेवटपर्यंत आदरानेच बोलला.

मग तो प्रश्न आला ज्यावर आपल्याला दहावीत हमखास ५ गुणांचा प्रश्न येई. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज मिळेल का? १८२० च्या दशकात फॅरेडेने हा प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि प्रत्येक वेळी परिणाम काही नाही असे वहीत लिहून ठेवले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने सुमारे सहा इंच व्यासाचे एक लोखंडी कडे घेतले. त्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे दिले आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये दोरा आणि सुती कापड. एक बाजू बॅटरीला, दुसरी बाजू दूर ठेवलेल्या चुंबकसूचीजवळून जाणाऱ्या तारेला. बॅटरी जोडताक्षणी सूची हलली आणि मग पुन्हा जागेवर येऊन थांबली. वीज वाहत असताना ती स्थिरच. बॅटरी तोडली, पुन्हा हलली.

इथे तिसरी अपेक्षा कळते. असा परिणाम शोधणारा माणूस सहसा सूची वळून तशीच राहील म्हणून वाट पाहील, आणि क्षणभराची थरथर हाताच्या धक्क्याने झाली असे समजून सोडून देईल. प्रयोग पाहण्याआधी फॅरेडे नेहमी विचारीत असे की मी नेमके कुठे पाहायचे आहे. ती थरथर त्याने पाहिली, लिहिली आणि दोन महिने तिचा पिच्छा पुरवला. ऑक्टोबरमध्ये वेटोळ्यात नुसता चुंबक आत-बाहेर करून वीज मिळवली, आणि महिनाअखेरीस मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून वीज सतत वाहती ठेवली. चुंबक नुसता असून भागत नाही, काहीतरी बदलत राहिले पाहिजे, हे त्यातून निघाले. कोयनेच्या जनित्रांपासून सायकलच्या डायनॅमोपर्यंत सगळ्यांचे मूळ त्या थरथरीत आहे.

पुढच्या वर्षापासून त्याने आपल्या प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि ते क्रमांक अखेरीस सोळा हजारांच्या पुढे गेले. कुठला प्रयोग कुठे आहे ते सापडावे म्हणून ही सोय. आजारपणाने आणि विसराळूपणाने त्याला चाळिशीनंतर गाठले. मध्ये काही वर्षे काम जवळजवळ थांबले. तेव्हा त्याची स्मरणशक्ती म्हणजे ही वहीच होती.

आता माझा हिशेब.

दहावीत दिवाळीच्या सुट्टीनंतर ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. प्रत्येक टेबलावर रोधाची एक तार असे. आमच्या टेबलावरची तार तुटलेली निघाली, म्हणून बाईंनी तिच्या जागी टॉर्चचा बल्ब लावून दिला आणि त्या दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. माझा जोडीदार ऱ्हिओस्टॅट सरकवून एकेक रीडिंग घेत होता. त्याचे नाव लिहीत नाही, वाचताच त्याला कळेल. मी पहिली दोन रीडिंग घेतली, भागाकार केला आणि उरलेली सहा गुणाकार करून भरून टाकली. ओहमचा नियम पाठ होता, आलेख सरळ रेषेत येणार हे माहीत होते, मग उगाच घाम कशाला गाळायचा? माझे सगळे बिंदू पट्टीवर ठेवल्यासारखे रेषेत बसले. त्याचे बिंदू सुरुवातीला बरे गेले आणि पुढे रेषा वाकत गेली. मी त्याला माझी वही पुढे केली आणि बिंदू सरळ करून घे म्हटले. त्याने मान हलवली, वाकडाच आलेख ठेवला आणि खाली लिहिले की रेषा वाकली, कारण समजले नाही.

बाईंनी वह्या तपासल्या. त्याच्या वहीत त्यांनी पुन्हा करून पाहू असे लिहिले. माझ्या वहीत फक्त सही केली. शेरा नाही, गुण नाहीत. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला. मी बाहेर सायकलवर बसून त्याची वाट पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, बरा अडकला.

दुसऱ्या दिवशीच्या तासाला बाईंनी फॅरेडेच्या न जमलेल्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांचे नाते असेल तर गुरुत्वाकर्षणाचेही असले पाहिजे अशी त्याची पक्की समजूत होती. १८४९ साली त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात उंचावरून वस्तू खाली सोडून त्यातून वीज निर्माण होते का ते पाहिले. सुई हलली की तो आनंदून जाण्याआधी ती हलण्याची दुसरी कारणे शोधी, आणि ती सापडत. एकेक कारण काढून टाकल्यावर हाती शून्य उरले. तेव्हा त्याचे वय साठीकडे झुकले होते आणि नाव युरोपभर झाले होते. तरीही त्याने तो निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला आणि छापला. नाते आहे असे मला अजूनही वाटते, पण पुरावा मिळाला नाही, असा त्याचा आशय होता. ही गोष्ट सांगताना बाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रयोगशाळेत पुन्हा बल्ब समोर आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बल्बमधली तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो, म्हणून आलेख वाकतोच. ओहमचा नियम तापमान स्थिर असेल तरच लागू पडतो, हे आपण पाठ केलेल्या व्याख्येतच होते. बल्बचा आलेख सरळ रेषेत येणे शक्य नाही. म्हणजे माझी वही उघडताक्षणी बाईंना समजले होते. त्या टेबलावर त्या दिवशी खरोखर घडलेली एकच गोष्ट माझ्या जोडीदाराने पाहिली होती, आणि मी त्याला ती पुसून टाकायला सांगत होतो.

फॅरेडेकडे परत येतो. दुर्बिणींसाठी उत्तम काच बनवण्याच्या कामात त्याची १८२० च्या दशकातली काही वर्षे गेली होती आणि त्यातून अपेक्षित फळ निघाले नव्हते. त्या खटाटोपातला शिसेयुक्त जड काचेचा एक तुकडा त्याने जपून ठेवला होता. सप्टेंबर १८४५ मध्ये प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो का हे तो पाहत होता. इतर पदार्थांनी दाद दिली नाही. या जुन्या काचेतून गेलेल्या प्रकाशाची कंपनदिशा मात्र चुंबकामुळे किंचित वळली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते पहिल्यांदा दिसले ते फसलेल्या कामाच्या शिल्लक तुकड्यात.

चुंबकाभोवतीच्या जागेत बलरेषा पसरलेल्या असतात हे तो कागदावर लोखंडाचा कीस पसरून पाहत आला होता. मोठमोठ्या गणितज्ञांना त्या रेषा म्हणजे गणित न येणाऱ्या माणसाची सोय वाटत. स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने त्यांना समीकरणांत बसवले आणि निबंध फॅरेडेकडे पाठवला. फॅरेडेने १८५७ साली त्याला कळवले की गणिताचा एवढा भार विषयावर पडलेला पाहून आपण आधी घाबरलो होतो. निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत का, अशी विनंतीही त्याने केली. गणिताच्या पेपरला घाम फुटणाऱ्या आपल्या मागच्या दोन बाकांना हा प्रसंग फार आवडे. बाई मात्र लगेच सांगत की फॅरेडेने गणित टाळले नव्हते, त्याला ते कुणी शिकवलेच नव्हते.

पाचवी अपेक्षा त्याने सर्वांत आनंदाने पुरी केली. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने १८२५ पासून सुरू झाली आणि फॅरेडेने स्वतः १९ वर्षी ती दिली. एका साध्या मेणबत्तीवरून त्याने ज्वलन, पाणी, हवा आणि आपला श्वास इथपर्यंत मुलांना नेले, आणि त्या व्याख्यानांचे पुस्तक १८६१ मध्ये निघाले. बोलण्याची कलाही त्याने मुद्दाम शिकून घेतली होती. भरभर बोलायची सवय होती म्हणून सावकाश असे लिहिलेला कागद तो समोर ठेववून घेई.

१८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये टेबलाभोवती बसून, हात टेकवून, ते आपोआप फिरते असे मानण्याचे वेड पसरले होते. फॅरेडेने टेबल आणि हात यांच्यामध्ये सरकणाऱ्या पट्ट्या व लाटणी बसवली आणि दाखवले की हातच टेबलाला ढकलतात, ढकलणाऱ्याला त्याची जाणीव नसते. त्या माणसांना त्याने लबाड म्हटले नाही. आपल्याला जे व्हावेसे वाटते ते खरे मानण्याकडे आपला कल असतो आणि त्या कलाला आवर घालायला शिकणे हे शिक्षणाचे मोठे काम आहे, असे त्याने पुढच्या वर्षी एका व्याख्यानात मांडले. १८६२ मध्ये इंग्लंडच्या मोठ्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे त्याची साक्ष झाली. शाळांत निसर्गविज्ञान शिकवले जात नाही याची खंत त्याने तिथे बोलून दाखवली, आणि साध्या शब्दांत सांगितले तर मुलांना ते कळते असा आपला अनुभव नोंदवला. शाळा न लाभलेल्या माणसाला शाळांबद्दल विचारले गेले होते.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने शेवटचा प्रयोग केला. ज्योतीच्या प्रकाशातल्या वर्णरेषांवर चुंबकाचा परिणाम होतो का? काही दिसले नाही, आणि त्याने तसे लिहिले. १८९६ मध्ये हॉलंडच्या झीमनने अधिक चांगली साधने घेऊन तोच परिणाम पाहिला आणि पुढे त्याला नोबेल मिळाले. फॅरेडेचा अंदाज बरोबर होता. पण त्याच्या उपकरणाला दिसले नाही ते त्याने दिसले असे लिहिले नाही.

सरदारकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात, पत्नी सारासोबत, त्याने अखेरची वर्षे काढली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसलेला असताना तो गेला. हायगेटच्या दफनभूमीत साधा दगड आहे.

मित्रांनो, गेल्या महिन्यात गावचे घर आवरताना आईच्या ट्रंकेत माझी दहावीची प्रयोगवही सापडली. ते पान उघडले. सरळ रेषा, आणि खाली बाईंची सही. एवढी वर्षे मला वाटत आले होते की बाईंनी मला सोडून दिले. आता वाटते, त्यांनी पान बंद केले नव्हते. शिक्षा केली असती तर तेव्हाच फिटली असती. अपेक्षा तशी फिटत नाही, ती वाट पाहते.

एलईडीच्या दिवसांत तारेचा टॉर्चचा बल्ब मिळवायला मला तीन दुकाने हिंडावी लागली. चौथ्या दुकानातल्या आजोबांनी खोक्याच्या तळातून दोन काढून दिले. नववीतल्या मुलीला शेजारी बसवले आणि आठही रीडिंग नीट घेतली. रेषा वाकली. मुलीने विचारले, का वाकली, आणि मला ते साध्या भाषेत सांगता आले. जुन्या आलेखावर एक आडवी रेघ मारली आहे, खालचे वाचता येते. शेजारी नवा आलेख चिकटवला आहे.

माझ्या जोडीदारा, तुझा वाकडा आलेख बरोबर होता. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवे होते.

आणि बाई, मेळाव्याला आपण पहिल्या रांगेत असाल असे कळले. वही तपासायला आणतो आहे. तारीख घातली आहे.